शेवटचा माणूस

कोकणात देव खाली राहतो आणि रस्ता वरून जातो. मोटारीने कोकण पाहणाऱ्याला हे सत्य कधी उमगत नाही. मोटार घुरघुरत खाली उतरते, मंडळी दर्शन घेतात, नारळ फोडतात, आणि मोटार तशीच घुरघुरत वर चढते. सायकलवाल्याचा हिशेब निराळा असतो. त्याला उतारावर वारा अंगावर घेताना सुद्धा मनात धाकधूक असते, की हा जो आनंद आपण उधळीत चाललो आहोत, त्याची पै न् पै पलीकडच्या चढावर वसूल होणार आहे.

२०१८ सालच्या डिसेंबरात आम्ही तेराजण पुण्याहून गोव्याला सायकलीने निघालो होतो. ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून हरिहरेश्वर, पुढे बाणकोटची खाडी ओलांडून केळशी, आणि तिसऱ्या दिवशी दाभोळची खाडी फेरीबोटीने पार करून गुहागर. आमच्यात दोन डॉक्टर होते, एक डॉक्टरीणबाई होत्या, तीन संगणकवाले, चार कॉलेजातली मुले, आमचा पुढारी (त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणत, जरी त्याने आयुष्यात सैन्याची पायरी चढलेली नव्हती), एक निवृत्त बँकवाले काका आणि एक मराठीचा प्राध्यापक. प्राध्यापक म्हणजे अर्थातच मी.

गुहागरच्या मुक्कामात रात्री जेवताना कॅप्टनने दुसऱ्या दिवसाचा मार्ग सांगितला. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, तवसाळ. तेथून बोटीने जयगड. मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. अंतर फार नव्हते, सत्त्याऐंशी किलोमीटर. पण सगळ्या चढांची बेरीज तेराशे मीटर होत होती. "म्हणजे सिंहगड पायथ्यापासून दोनदा चढायचा," कॅप्टन म्हणाला, "आणि दोनदा उतरायचा. फक्त सलग नाही. तुकड्यातुकड्यांनी."

मुलांपैकी एकाने तोंड वाकडे केले, तेव्हा कॅप्टनने नेहमीचे अस्त्र काढले. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सत्तर हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून १९२८ साली परत आले. त्यांच्या सायकलींना ना आपल्यासारखे चोवीस गिअर होते, ना वाटेत डांबरी सडका. ही कथा आम्ही तीन दिवसांत चौथ्यांदा ऐकत होतो. तरी दर वेळी थोडी लाज वाटायचीच.

मग कॅप्टनने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "उद्या शेवटचा माणूस, प्रोफेसर."

शेवटचा माणूस म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. तुकडीने जाताना एकजण सर्वांत पुढे असतो, तो वाट दाखवतो. आणि एकजण सर्वांत मागे. मागच्याने कोणाच्याही पुढे जायचे नाही, हा एकच नियम. कोणी थांबला, की याने थांबायचे; कोणाचे चाक पंक्चर झाले, की याने सायकल आडवी करायची. पंप, जादा ट्यूब, औषधांची पिशवी आणि पाण्याच्या दोन जादा बाटल्या याच्या कॅरिअरवर. रोज पाळी बदलते. काम प्रतिष्ठेचे आहे असे कॅप्टन म्हणे, परंतु पाळी आली की प्रत्येकाचा चेहरा पडे, कारण शेवटच्या माणसाचा वेग हा त्याचा स्वतःचा वेग नसतो. तो तुकडीतल्या सर्वांत सावकाश माणसाचा वेग असतो.

आणि आमच्या तुकडीतला सर्वांत सावकाश माणूस म्हणजे बँकवाले काका.

काकांचे वय त्रेसष्ट. सपाटीवर ते छान चालवीत. चढ आला, की शांतपणे खाली उतरत, सायकल हाताशी धरत आणि चालू लागत. त्यात त्यांना तिळमात्र संकोच नव्हता. चालताना ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मला पहिल्या दिवशी वाटले, नामस्मरण असेल. विचारले तर म्हणाले, "छे हो! पावलं मोजतो. शंभर पावलांचं एक बंडल. बत्तीस वर्षं नोटाच मोजल्या, आता हीच सवय. वर बघायचं नाही, बंडल बांधत जायचं."

पुण्याहून निघताना त्यांचा मुलगा निरोप द्यायला आला होता. त्याला हा सारा उद्योग पसंत नव्हता. आई गेल्यापासून बाबा फार एकटे एकटे हिंडतात, एवढे तो म्हणाला, आणि नेमका माझाच हात धरून म्हणाला, "सर, बाबांना एकटं सोडू नका हं कुठं." मी पहाटेच्या उत्साहात होतो. मोठ्या रुबाबात म्हणालो, "अहो, आम्ही आहोत ना!"

सव्वासहाला गुहागर सोडले तेव्हा उजाडायचे होते. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, दिव्यांच्या उजेडात, जांभ्याच्या गडग्यांना जवळजवळ घासून आमची रांग निघाली. अजून बंदच असलेल्या घरांमधून चुलीचा धूर येत होता. पालशेत मागे पडले आणि पहिला चढ लागला. कोकणातल्या या किनारी रस्त्याची गंमत अशी, की तो समुद्राच्या शेजारी असूनही समुद्राच्या पातळीवर क्वचितच असतो. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, खाली खाडी किंवा पुळण. रस्ता सड्यावर चढतो, दोनचार किलोमीटर सुखाने चालतो, आणि पुढे नदी आडवी आली की धाडकन खाली कोसळतो. पूल ओलांडला की पुन्हा वर. घाट लांब असला तरी त्याला एक लय असते. श्वास आणि पाय यांचा संसार जमून जातो. येथे तो जमेपर्यंत चढ संपतो आणि उतारावर घाम गार होईपर्यंत नवा चढ समोर उभा. पाय तापतही नाहीत आणि निवतही नाहीत.

सडा मात्र पाहण्यासारखा. डिसेंबरात त्यावरचे गवत वाळून सोनेरी झालेले असते. मधूनच आंब्याची कलमे, त्यांना नुकता कोठेकोठे मोहोर धरलेला, आणि पश्चिमेला एकदम समुद्र. हा जांभा खाणीत असतो तोवर मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. बाहेर काढून हवा लागली की टणक होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसांचंही असंच होतं." पण त्या पुढे होत्या आणि मी मागे, त्यामुळे हा विषय वाढला नाही.

वेळणेश्वराला खाली उतरून दर्शन घ्यायचे का, यावर वरच्या फाट्याशी लोकसभा भरली. उतरणाऱ्यांची बाजू भक्तीची होती आणि न उतरणाऱ्यांची बाजू गुडघ्यांची. गुडघे जिंकले. हेदवीला पोहे खाल्ले. बामणघळीत भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी चिंचोळ्या भेगेतून उंच उसळते, ते पाहायला जायचे होते, पण कॅप्टन घड्याळाकडे पाहू लागला. तवसाळची बोट चुकली तर पुढची येईपर्यंत ताटकळावे लागेल, आणि मग आरे-वारेचा रस्ता अंधारात करावा लागेल.

येथपर्यंत मी इमानाने मागे होतो. मागे राहून राहून माझी मनःस्थिती मात्र बिघडत चालली होती. प्रत्येक चढावर मी खालच्या गिअरला जवळजवळ जागच्या जागी पेडल मारीत काकांच्या मागे रेंगाळत होतो. सायकल फार सावकाश चालवणे हे फार जोरात चालवण्यापेक्षा अवघड. तोल सांभाळण्यातच निम्मी शक्ती जाते. शेवटी मीही उतरून चालू लागे. पुढच्या वळणावर बाकीच्यांच्या रंगीत पाठी दिसत, मग तेवढ्याही दिसेनाशा होत. वर्गात मी मागच्या बाकावरच्या मुलांना नेहमी बजावतो, की शेवटून पहिला येण्यातही एक शान असते. त्या दिवशी मला त्या मुलांचे चेहरे आठवले.

शिवाय माझे एक गुपित होते. मालगुंड त्या दिवशी वाटेवर होते. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. वीस वर्षे मी मुलांना केशवसुत शिकवतो आहे. 'तुतारी' तर दर वर्षी. पण मालगुंडला मी कधी गेलो नव्हतो. तेथे तासभर तरी थांबायचे, सगळ्यांना गोळा करून चार शब्द बोलायचे, असे मी पुण्यापासून ठरवले होते. खरे सांगायचे तर ते चार शब्द नव्हते. पाऊण तासाचे व्याख्यान पाठ होते.

नरवणच्या पुढच्या चढाला काका थांबले. साडेदहाचे ऊन चढले होते. दगडी मोरीच्या कठड्यावर बसून त्यांनी आपली बाटली तोंडाला लावली आणि म्हणाले, "प्रोफेसर, पाच मिनिटं." मी घड्याळ पाहिले. आणि मग मी ते वाक्य बोललो. अगदी परोपकारी सुरात बोललो.

"काका, मी असं करतो, पुढं जाऊन बोट थांबवून धरतो. तुम्ही या सावकाश."

काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "जा की," ते म्हणाले.

त्यानंतरचे पाच-सहा किलोमीटर मी जसा उडालो, तसा त्या सहलीत पुन्हा कधी उडालो नाही. तवसाळच्या उतारावर ब्रेक तापून वास येऊ लागला. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीवर शेवटची जीप चढत होती आणि आमची मंडळी कठड्याला सायकली टेकवून उभी होती. बोटवाल्याला मी म्हणालो, एक वयस्कर गृहस्थ मागे आहेत, जरा थांबा. तो म्हणाला, "साहेब, बोट वेळेवर सुटते." बरोबरच होते त्याचे. बोट ही काही कोणाच्या सायकलीसाठी नव्हती. मी तेथेच मागे राहायला हवे होते. पण पाऊल बोटीवर पडले. कॅप्टनने विचारले, "काका?" मी म्हणालो, "येताहेत मागनं. पुढच्या बोटीनं येतील. मी पलीकडं थांबतो ना त्यांच्यासाठी."

शास्त्री नदी येथे समुद्राला मिळते. पात्र रुंद, पाणी संथ हिरवे. समोर जयगडचा किल्ला आणि वीजप्रकल्पाची उंच चिमणी. सगळे छायाचित्रे काढीत होते. मीही काढली. त्यांतल्या एका छायाचित्रात मी हसतो आहे. ते मी अजून पुसून टाकलेले नाही.

जयगडला मंडळी पुढे गेली. मी धक्क्यावर थांबलो. फोन लावला, काकांचा फोन संपर्काच्या बाहेर होता. पुढची बोट आली. तिच्यातून दोन रिक्षा उतरल्या, मोटारसायकली उतरल्या, टोपलीवाल्या बायका उतरल्या. काका उतरले नाहीत. मी चहा घ्यावा म्हणून टपरीकडे वळलो आणि कॅरिअरकडे लक्ष गेले. पाण्याच्या दोन्ही जादा बाटल्या तेथे होत्या. पंप होता. औषधांची पिशवी होती. काकांच्या बाटलीत, त्यांनी ती तोंडाला लावली तेव्हा, तळाचे दोन घोट होते. हे मी पाहिले होते. पाहिले होते आणि बोट थांबवायला निघालो होतो.

त्याच बोटीने परत गेलो. मघाशी दोन मिनिटांत जो उतार उतरलो, तो आता साडेबाराच्या उन्हात समोर उभा राहिला. सावली नाही, जांभ्याची उष्णता खालून आणि आभाळाची वरून. चढावर कधी नव्हे ती मला घाई होती, आणि चढ घाई जाणत नाही. तीन किलोमीटर गेल्यावर एक गुराखी भेटला. त्याने न विचारताच हात केला. "ते म्हातारबाबा तुमचेच काय? हितं पुढं घरापाशी बसलेत. चक्कर आली त्यांना."

रस्त्याला लागून कौलारू घर होते. अंगणातल्या काजूच्या झाडाखाली घोंगडीवर काका भिंतीला टेकून बसले होते. पायांत पेटके आले होते, एकदा उलटी झाली होती. घरातली म्हातारी बाई त्यांच्याजवळ वाडगा घेऊन उभी होती. तिने त्यांना मीठ घातलेली तांदळाची पेज पाजली होती. आमच्या दोन्ही डॉक्टरांनी नंतर सांगितले, की घामाने पाणी आणि मीठ दोन्ही गेल्यावर याहून चांगले औषध त्यांच्याकडेही नव्हते. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी बरोबरचे?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो. बाई आणखी काही बोलल्या नाहीत. मलाही पेज दिली.

काकांना मी काय बोलावे, याची जुळवाजुळव करीत होतो. वीस वर्षे शब्दांवर पोट भरतो, पण एक शब्द जुळेना. काकाच म्हणाले, "बोट मिळाली का हो?"

"मिळाली," मी म्हणालो. "परत आलो."

"बरं झालं," एवढेच ते म्हणाले. आणि जरा वेळाने उठून आपल्या चाकाची हवा चाचपू लागले. मी म्हणालो, जीप मिळते का पाहू. त्यांनी मान हलवली. "उतार आहे ना पुढं. उतार मला येतो."

दोनच्या सुमारास आम्ही दोघे बोटीत चढलो. जयगडच्या बाजूचा चढ आम्ही चालतच चढलो; पुढे उंडी, रीळ, वरवडे. दुपार कलली आणि समुद्रावरचा खारा वारा सुटला. तो बाजूने लागत होता, तरी बरे वाटत होते. मालगुंडला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली उभे केलेले केशवसुतांचे स्मारक रस्त्यापासून लांब नाही. काका म्हणाले, "तुमचे कवी ना हे? जा, बघून या. मी सायकली राखतो."

मी दहा मिनिटे आत होतो. जपून ठेवलेले ते साधे घर पाहिले. माझे पाठ केलेले व्याख्यान ऐकायला कोणी नव्हते. ते माझ्याही कानात उमटले नाही. १८६६ साली येथे जन्मलेला, मराठीत सुनीत आणणारा हा शाळामास्तर १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला, उण्यापुऱ्या चाळिशीत. माझ्याहून लहान. दर वर्षी फळ्यावर ही दोन सालं मी लिहितो, पण वजाबाकी कधी केली नव्हती. बाहेर आलो तर काका माझ्या सायकलीच्या चेनला तेल घालीत होते.

गणपतीपुळ्याच्या फाट्याशी कॅप्टन एकटाच उभा होता. बाकीच्यांना त्याने पुढे धाडले होते. त्याने काकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि दोघांच्या हातात एकेक केळे दिले. विचारले काहीच नाही. याहून विचारलेले परवडते.

आरे-वारेचा रस्ता महाराष्ट्रातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक आहे, हे मी पुष्कळ ठिकाणी वाचले होते आणि ते खरे आहे. खाली सुरूची बने, एका टेकाडाच्या दोन बाजूंना दोन लांबच लांब पुळणी, आणि कड्याच्या अंगाने चढत जाणारा रस्ता. नेमका सूर्य बुडत होता. नेमके तेथेच माझे पाय संपले. दमणे निराळे आणि संपणे निराळे. शरीरात साठवलेली साखर तास दोन तासांच्या कष्टाला पुरते, तीत सतत भर घालावी लागते; मी दुपारभर एका वाडग्यावर आणि एका केळ्यावर दोन माणसांच्या वाटचे चढ चढलो होतो. डोळ्यांपुढे बारीक चांदण्या नाचू लागल्या, हात थरथरू लागले. मी उतरलो आणि हँडलवर डोके टेकले.

काका शेजारी येऊन उभे राहिले. खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, मोडून निम्मी माझ्या तोंडाशी धरली. मग म्हणाले, "चला प्रोफेसर. वर बघायचं नाही. शंभराचं बंडल."

मी मोजू लागलो. पहिले बंडल फार लांब होते. तिसऱ्यात मला वारा जाणवला. पाचव्यात मी काकांना म्हणालो, "काका, सकाळी माझं चुकलं." ते म्हणाले, "मध्ये बोलू नका, आकडा चुकतो." सात बंडले झाली आणि रस्ता सपाट झाला. मागून कॅप्टन आपल्या दिव्याचा उजेड आमच्या पुढे टाकीत येत होता. खाली अंधारात लाटांची पांढरी रेघ तेवढी दिसत होती.

साखरतरचा पूल, शिरगाव, आणि रत्नागिरीत शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मंडळी जेवायची थांबली होती.

जेवणाआधी कॅप्टन रोज प्रत्येकाच्या सायकलीवरच्या यंत्राचा आकडा वहीत टिपतो. सत्त्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असे करीत तो माझ्यापाशी आला. माझे यंत्र त्र्याण्णव दाखवीत होते. त्याने पेन्सिल थांबवली.

"प्रोफेसरांचं यंत्र जरा पुढं पळतं," काका म्हणाले. सोलकढीची वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

"यंत्र बरोबर आहे," मी म्हणालो, आणि मग जे घडले ते सांगितले. बाटल्यांचे सुद्धा सांगितले. पोरे गप्प झाली. डॉक्टरीणबाई उठून काकांची नाडी पाहू लागल्या. कॅप्टनने त्र्याण्णव हा आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाला, "उद्याही शेवटचे तुम्हीच." मग आत हाक दिली, की पानं वाढा.

झोपायच्या आधी मी पाण्याच्या बाटल्या भरायला बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला काका मुलाशी फोनवर बोलत होते. "नाही रे, काही दमलो नाही," ते म्हणत होते. "ऊन होतं जरा. एकटा कसला? प्रोफेसर होते ना बरोबर."

मी नळ बारीक केला आणि दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घेतल्या.